पेज पाजलेली जमीन

रमजान कधी लागणार हे आमच्या घरात जितकं आधी ठाऊक असायचं, तितकं शहरातल्या निजामपुऱ्यात, एखाद्या मुसलमान घरातही नसेल. आम्ही टेमघरच्या बाजूचे कुणबी. दारात तुळस, कोनाड्यात देव. पण दिवाळी झाली की बाबा बोटांच्या पेरांवर मोजायला बसायचे, की यंदा ईद कधी, मोहरम कधी, आणि या दोन्हींच्या मध्ये लग्नांचे दिवस किती उरतात. कारण आमचा मोगरा जायचा निजामपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या फुलवाल्याकडे. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. दुकान कसलं, दोन फळ्या आणि वर ताडपत्री. तिथे मांडी घालून ते नवरदेवाचे सेहरे गुंफायचे, नवरीचे गजरे करायचे, दर्ग्यावर चढवायच्या चादरी विणायचे. रमजानात त्यांच्यात लग्नं होत नाहीत, मोहरमातही नाहीत. तेवढे दिवस आमचा मोगरा कुणाला नको असायचा.

आणि मोगऱ्याला हे कोण सांगणार? तो माघ सरला की कळ्या धरतो आणि चैत्र-वैशाखात असा भरात येतो की तोडणाऱ्याची कंबर मोडते. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत जातो. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, तो नेमका ऐन उन्हाळ्यात, आमच्या मोगऱ्याच्या डोक्यावर येऊन बसायचा. मग ती फुलं कल्याणला न्यायची आणि व्यापारी देईल त्यात समाधान मानायचं. एका उन्हाळ्यात शहरात कर्फ्यू लागला, तर कल्याणलाही जाता आलं नाही. सगळी फुलं गोठ्यात ओतली. बैलांनी हुंगली आणि तोंड फिरवलं.

बाबा मात्र खचायचे नाहीत. "सरकू दे, सरकू दे," म्हणायचे. "आनिक पाच-सहा वर्सं. मंग ईद येल चैत्रात, आनि पुढं म्होरमपावतर नुसती लग्नंच लग्नं. तवा बघ तुज्या बापाचा मोगरा."

लोक पावसाची वाट बघतात, आमचे बाबा चंद्र मागे सरकायची वाट बघत होते. आई चेष्टा करायची, पण वाट तीही बघत होती. आमच्या घरातलं सगळं त्या 'तवा'वर टांगलेलं होतं. तवा कौलं बदलू, तवा पंप घेऊ, तवा पोरीचं लगीन.

जमीन फार नव्हती. खालच्या अंगाला भाताचं खाचर आणि वर विहिरीभोवतीचा मळा. मळ्याचा अर्धा भाग मोगऱ्याचा, अर्धा आईच्या भाजीचा. लाल माठ, मुळा, गवार, शिराळी, काकडी. दसऱ्याला बांधावर झेंडू. आई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जायची आणि कुणी जास्त घासाघीस केली तर म्हणायची, "न्हाय परवडत तं नको घेऊ बाय. माठ काय सोन्याचा न्हाय, पन फुकट बी उगवत न्हाय." गिऱ्हाईक हसायचं आणि घ्यायचं. पाटी रिकामी करूनच ती परत यायची.

मोगऱ्याचं काम निराळं असतं. थंडीत त्याचं पाणी तोडायचं. जमिनीला भेगा पडू द्यायच्या, पानं पिवळी होऊन गळू द्यायची. याला ताण देणं म्हणतात. मग छाटायचं, बुडात शेणखत घालायचं आणि एकदम पाणी सोडायचं. "झाड घाबारतं, आनि घाबारलं का फुलतं," असं आईचं म्हणणं. मोगऱ्याची पानं पिवळी पडलेली बघून परक्या माणसाला वाईट वाटेल. आम्हाला बरं वाटायचं. आता चांगलं फुलणार, असं वाटायचं. हीच सवय पुढे आमच्या मुळावर आली.

नव्वदच्या आसपास नाल्यापलीकडच्या पडीक जागेत सायझिंगचा कारखाना उभा राहिला. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात ते काम. धागा ताठ झाला की विणताना तुटत नाही. त्यांनी आल्या आल्या बोअर मारली. चिमणीतून धूर यायला लागला, दोऱ्यांवरचे आमचे कपडे काळे व्हायला लागले, ते आम्ही सोसलं. पण दोन उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. ज्या विहिरीत मी पोहायला शिकले, तिच्या तळाशी उतरून आई वाटीने पाणी भरायची.

आणि त्याच सुमाराला ईद चैत्रात आली.

म्हणजे बघा, ज्या चंद्राची इतकी वर्षं वाट बघितली तो आला आणि विहीर गेली. देव आहे की नाही या वादात मी पडत नाही, पण असेल तर त्याला आमच्याशी काहीतरी खुन्नस होती. निजामपुऱ्यात लग्नांची गर्दी, चाचा रोज निरोप पाठवतायत, "भाऊ, जितना है उतना लाओ," आणि आमच्याकडे छाटून, खत घालून तयार केलेली झाडं कोरडी ठणठणीत उभी.

बाबा सायझिंगवाल्यांशी भांडायला गेले. तिथला मॅनेजर काही वाईट बोलला नाही. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की जमिनीच्या खालचं पाणी कुणाच्या नावावर नसतं. मग दारापर्यंत सोडायला आला आणि नाल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हमारा इतना पानी रोज नाले में जाता है. वो ले लो ना. कौन मना करता है?"

बाबा घरी आले ते डब्यात ते पाणी घेऊन. संध्याकाळची वेळ होती, मी अंगणात भांडी घासत होते. पाणी कोमट, पांढरट, थोडं दाटसर. बाबांनी डबा आईपुढे ठेवला. आमच्या घरात कुठल्याही गोष्टीची परीक्षा आईच्या हातानेच व्हायची. भात शिजला का, माती भुसभुशीत झाली का, पोराला ताप आहे का, सगळं तिच्या बोटांना विचारायचं. तिने बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली.

"पेजंवानी लागतं," ती म्हणाली.

"पेजच हाय ती," बाबा म्हणाले. "मक्याच्या पिठाची खळ. सुताला जोर येतो तं झाडाला न्हाय येनार?"

हे आज ऐकायला वेडेपणाचं वाटेल. पण आमच्याकडे पेज म्हणजे काय, हे कळल्याशिवाय तो वेडेपणा कळणार नाही. सकाळची न्याहारी पेज. आजाऱ्याला पेज. बाळंतिणीला पेज, व्यालेल्या गाईलाही पेज. आईने आयुष्यात ज्याला ज्याला अंथरुणातून उठवलं त्याला पेज पाजूनच उठवलं होतं. जे पेजेसारखं दिसतं, पेजेसारखं हाताला लागतं, ते मारील असं तिच्या मनात येणारच कुठून? शिकल्यासवरलेल्या माणसाने वास घेऊन नाक मुरडलं असतं. आम्हाला तो वास ओळखीचा वाटला.

"येऊ दे मंग," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बांध फोडून पाट काढला.

त्या वर्षी मोगरा असा फुलला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. पहाटे पाट्या घेऊन आम्ही तिघं मळ्यात शिरायचो आणि ऊन वर आलं तरी तोडणं संपायचं नाही. बोटांच्या टोकांना हिरवट डाग पडले होते ते साबणाने जात नव्हते. बाबा ओल्या फडक्यात कळ्या बांधून सायकलवर निजामपुऱ्याला जायचे आणि दुपारी परत येऊन पुन्हा जायचे. एकदा मीही बरोबर गेले. चाचांनी ओंजळभर कळ्या उचलून तोंडाजवळ नेल्या आणि डोळे मिटून म्हणाले, "बेटी, तेरे बाप के हाथ में बरकत है." बाबा लाजले. मी बाबांना लाजताना तेव्हाच पाहिलं.

खरं तर त्या फुलण्यात खळीचं काही कर्तृत्व नव्हतं. तहानेल्या झाडांना पाणी मिळालं एवढंच. पण आम्ही श्रेय पेजेला दिलं. गावदेवीला नारळ फोडला. आणि पाऊस सुरू झाल्यावर बाबांनी आईच्या भाजीचा अर्धा मळा खणून काढला आणि तिथेही मोगऱ्याची कलमं लावली. आई तिथेच उभी राहून बघत होती. माठाची शेवटची जुडी तिने स्वतः उपटली. बाजारातली जागाही तिने शेजारच्या बाईला देऊन टाकली. "आता कवा बसू बाजारात? फुलं कोन खुडल?" असं म्हणताना ती खूश होती, हे मला चांगलं आठवतं.

पुढच्या फाल्गुनात पानं पिवळी पडायला लागली. पाट तर चालू होता. कुणालाही शंका यायला हवी होती, की पाणी मिळत असताना झाड पिवळं का पडतंय. पण आम्ही पिवळ्या पानावर खूश होणारी माणसं! बाबा म्हणाले, "आपसूक ताण बसला. आपली मेहनत वाचली." फुलं आलीही, पण बारीक. आणि कळी वाटेतच उमलायला लागली. सेहऱ्याला मिटलेली कळी लागते. चाचा कुरकुरले, "भाऊ, सुई लगाते-लगाते खुल जाती है. दूल्हे के मुँह पे मुरझाया फूल कैसे डालूँ?" बाबांना वाटलं, चाचा भाव पाडतायत. घरी येऊन ते चाचांवरच चिडले.

त्या उन्हाळ्यात आईच्या लुगड्याचा काठ रोज ताठ व्हायचा. पाटाच्या पाण्यात भिजायचा आणि वाळला की कांजी केल्यासारखा उभा राहायचा. मी हसायचे. म्हणायचे, आई, तू आता मास्तरीण दिसतेस. तीही हसायची आणि काठ हातांनी चुरगळून मऊ करायची. लुगड्याचं जे झालं ते मातीचंही होत असेल, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. डोळ्यांसमोर होतं, दिसत नव्हतं.

मग फावडं मातीत जाईना. पाणी सोडलं की ते मुरायचं नाही, वरच थांबायचं, आणि आटलं की त्यावर पापुद्रा धरायचा. पापुद्रा काढला की खाली करडी, घट्ट जमीन. पहारीने फोडली की तिची ढेकळं न होता चपट्या खपल्या निघायच्या. नवी कलमं पहिली गेली. मग जुनी झाडं, ज्यांचं खोड माझ्या मनगटाएवढं होतं, ती शेंड्याकडून वाळत खाली आली. बाबांनी पाट बंद केला, बांध बुजवला, तळ्यातला गाळ गाड्या भरभरून आणून ओतला. पावसाळा आला तेव्हा आम्हाला आशा होती की पाऊस धुऊन काढील. पाऊस पडला आणि फरशीवर पडावा तसा वाहून गेला. वाहत खाली खाचरात गेला आणि त्या वर्षी भातही पळंज आला, लोंब्या उभ्या पण आत दाणा नाही.

पुढे कुणी सांगितलं, त्या खळीत सोडा असतो. कुणी म्हणालं, ती नासू नये म्हणून मोरचूद टाकतात. कुणी आणखी काही. मला आता ते कळून काय करायचंय? कुणी बांध फोडण्याआधी सांगितलं असतं तर त्याच्या पायांचं तीर्थ घेतलं असतं.

बाबा सगळ्यांवर ओरडले. सायझिंगवर, मॅनेजरवर, नशिबावर, माझ्यावर, बैलांवर. आईवर एकदाही नाही. "तूच म्हनलीस येऊ दे," हे वाक्य आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. पण ते रोज जेवायला आमच्याबरोबर बसायचं. आईने घरात पेज करणं सोडून दिलं. एकदा मला ताप भरला, तोंडाला चव नव्हती, पेजेशिवाय दुसरं काही नको वाटत होतं. मी मागितली. तिने चहा आणि पाव पुढे ठेवला आणि गोठ्यात निघून गेली. मी पुन्हा कधी मागितली नाही.

मळा गेल्यावरही बाबा एक उन्हाळा निजामपुऱ्याला जात राहिले. पहाटे उठून कल्याणला जायचे, तिथे मोगरा विकत घ्यायचे, घरी आणून आपल्याच ओल्या फडक्यात बांधायचे आणि चाचांना नेऊन द्यायचे, आपल्या मळ्यातला म्हणून. यात सुटत काहीच नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, कशाला करतोस ह्ये?" तर म्हणाले, "सवय मोडत न्हाय." चाचांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितलं, माझ्या लग्नाच्या गजऱ्यांसाठी मी गेले होते तेव्हा. "आपके मोगरे की डंडी छोटी होती थी, बेटी. पर मैं क्या बोलता उनको?" त्यांनी गजरे दिले आणि काही घेतलं नाही. मोगरेवाल्यांच्या मुलीच्या लग्नात कल्याणच्या बाजारातल्या मोगऱ्याचे गजरे. सगळ्या बायकांनी माळले. आईने आपला ताटातच ठेवला.

तोपर्यंत बाबा एका लूमच्या कारखान्यात वॉचमनच्या ड्युटीला लागले होते. चार भिंतींच्या आत दिवसभर खडखडाट, आणि हे बाहेर स्टुलावर. ते तिथे आजारी पडले नाहीत, रडले नाहीत, दारूही धरली नाही. फक्त बोलायचे कमी झाले. दिवाळीनंतर पेरांवर मोजणंही थांबलं. ईद कधी आहे हे आता मलाच त्यांना सांगावं लागायचं आणि ते "बरं" म्हणायचे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आमच्या बाजूला गोदामं उभी राहायला लागली. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, कुणी जागा दिली, कुणी देणार. आम्ही का नाही दिली असती? गवतही न उगवणारी जागा कुणासाठी राखायची? मी माहेरी आले होते त्याच दिवशी गोदाम बांधणारा ठेकेदार जागा बघायला आला. बरोबर दोन माणसं, एक पहार. त्यातल्या एकाने मळ्याच्या मधोमध पहार मारली. ती वर उडाली. त्याने दुसरीकडे मारली, मग तिसरीकडे. ठेकेदार खाली वाकला, बुटाची टाच मातीवर आपटून बघितली आणि खुशीत म्हणाला, "क्या पक्की जमीन है, काका! बाकी जगह तो कीचड़ है, भराव डालते-डालते जान जाती है. ऐसी जमीन मैंने इधर कहीं नहीं देखी."

आणि बाबा हसले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्या जमिनीला चांगलं म्हटलं होतं. त्यांनी त्या माणसाला अंगणात बसवलं आणि मला चहा टाकायला सांगितलं. मला त्या हसण्याचा इतका संताप आला की मी आधण ठेवताना पातेलं आपटलं. आजही तो संताप पुरता गेलेला नाही. पण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला सांगता येणार नाही.

आई इतका वेळ ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती. ठेकेदार उठला तेव्हा ती पुढे आली. "दादा," तिने विचारलं, "मोगऱ्याची खुटं हायेत तिथं. ती काढायची का आमी?"

त्याला आधी खुटं दिसलीच नव्हती. त्याने वळून बघितलं. वीतभर उंचीची, राखेच्या रंगाची, ओळीने उभी. "छोड़ो ना, माई," तो म्हणाला. "ऊपर से ही डाल देंगे."

तो गेला. बाबा ड्युटीवर गेले. मी कपबशा विसळून बाहेर आले तर आई मळ्यात होती. हातात कुदळ, लुगडं खोचलेलं. पहिल्या ओळीच्या पहिल्या खुटापाशी ती वाकून घाव घालत होती. मी म्हटलं, आई, राहू दे, तो म्हणाला ना राहू दे. तिने ऐकलं नाही. मग मीही गोठ्यातली पहार आणली. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. कुदळ आपटायची, ठिणगी उडायची, वीतभर खपली निघायची, पण मुळं काही मोकळी होईनात. आईने कुदळ टाकली, खाली बसली, दोन्ही हातांनी खूट धरलं आणि ओढलं. ते मोडून तिच्या हातात आलं. दुसरं धरलं, तेही मोडलं.

"आई, बस कर," मी म्हटलं.

"माज्याच हातानं झालं," ती म्हणाली. तेवढंच. आणि पुढच्या खुटाकडे सरकली.

उन्हं उतरेपर्यंत आम्ही दोघी तिथे होतो. एकही मुळासकट निघालं नाही.